दिवा लागल्यावर पडलेली पट्टी

माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. साडीच्या दुकानात बारा वर्षं काढली. गिऱ्हाईकापुढं गोड, सोबतच्या बायकांवर वस्सकन, असा माझा कारभार.

आमच्या दुकानात दिवा लागला की झाडू बंद. लक्ष्मी बाहेर जाते म्हणून. मग संध्याकाळभर फरशीवर कागद, पिशव्या, टाचण्या तशाच लोळायच्या. त्या दिवशी नवा माल आला होता. गठ्ठ्याची प्लास्टिकची पट्टी मीच कापली आणि तिथंच टाकली. माझ्यासोबत काउंटरवर एक आपा होत्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. त्यांनी झाडू उचलला तशी मी खेकसले, "दिवा लागलाय, दिसंना का? ठेवा तो."

त्यांनी झाडू कोपऱ्यात ठेवला.

पाच मिनिटांनी आपा हनुवटीपर्यंत साड्यांचा ढीग घेऊन आल्या. खालचं दिसत नव्हतं. पट्टीच्या वेटोळ्यात पाय गेला. खुब्याचं हाड मोडलं तो आवाज मी ऐकला. अजून ऐकते.

सगळे त्यांना उचलायला धावले तेव्हा मी काय केलं? पायानं पट्टी काउंटरखाली सारली. मालकानं विचारलं, "कशात अडकल्या?" मी मिठाची गुळणी धरली. नोकरी जाईल ही भीती, दुसरं काही नाही. "वय झालं, धड चालता येत नाही," म्हणत मालकानं महिनाभरात त्यांच्या जागी दुसरी बाई ठेवली. तेव्हाही मी गप्पच.

तेव्हापासून दिवा लागला की माझी नजर फरशीवर जाते. साड्या घेऊन कुणीही चाललं तरी मला त्यांचेच पाय दिसतात.

वर्षानं धीर करून गारखेड्यातल्या माझ्या घरून त्यांच्या घरी गेले. वॉकर धरून त्या स्वतः दारात आल्या. दिवेलागण झाली होती. नातीच्या चॉकलेटचा कागद त्यांच्या वाटेत पडला होता. मी झटकन वाकून उचलला.

आपांनी ते पाहिलं. आवाज चढवला नाही.

"झाडूला तू मना केलंस, ते ठीक. पण बेटा, वाकायला कुणी मना केलं होतं?"

म्हणजे ती पट्टी माझीच, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. आणि मालकापाशी त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.