कोरड्या ओढ्यातला तंबू

जर्मनीत, कार्ल्सरूहेला आमच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, नातीचा ओला तंबू वाळतोय. त्या कुबट वासासरशी मी मनाने हिमालयाच्या पायथ्याशी पोचले. तेव्हा मी नवी नवरी, अतिशहाणी. ट्रेक सोपा होता. मी हट्टाने कोरड्या ओढ्याच्या मऊ वाळूत तंबू लावून घेतला.

"पोरी, ही पाण्याची जागा आहे," वाट दाखवणारी गावातली काकी म्हणाली.

"थेंब तरी दिसतोय का काकी?"

आमच्यावर ऊन होतं. तिने वरच्या, ढगांनी काळ्या झालेल्या डोंगराकडे पाहिलं आणि तंबूच्या खुंट्या उपटल्या. आम्ही काठावर चढलो. पाखरं गप्प झाली. बोटभर गढूळ पाणी वाळूवरून सरकत आलं. मागून दगडांची घरघर.

"अहो, माझी चप्पल खाली राहिली!" नवऱ्याला सांगत मी उतरू लागले. काकीने मागून वेणीच धरली.

क्षणात ओढा वाळू गिळून गेला. आणि मला राग आला होता, वेणी ओढल्याचा!