श्रावणातली कलेजी

आमच्या कुत्रीला विष घातलं त्या सकाळी मी चाळीमागच्या नळावर भांडी घासत होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवरा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात होता आणि आम्ही सरावलीला पत्र्याच्या चाळीत भाड्याने राहत होतो. कुत्री कधीतरी पावसाळ्यात कारखान्याच्या फाटकापासून त्याच्या मागे मागे आली आणि राहिली. तांबूस रंगाची, एक कान मोडलेली. घरात यायची नाही, उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसायची.

ती कोणावर उगाच भुंकायची नाही. भुंकायची ती फक्त चाळीच्या मालकावर. चाळीमागे बायकांची न्हाणी होती, तीन बाजूंना पत्रा आणि पुढे गोणपाटाचा पडदा. न्हाणीला लागूनच मालकाची पोल्ट्री. कोंबड्यांना पाणी घालायला माणूस ठेवलेला असूनही बायका अंघोळीला गेल्या की मालक स्वतः बादली घेऊन यायचा आणि पत्र्याच्या फटीजवळ रेंगाळायचा. मला ते कळलं होतं. पण नवऱ्याला सांगितलं तर मारामारी होईल, खोली जाईल, म्हणून मी गप्प होते. कुत्री मात्र गप्प बसत नव्हती. तो फटीजवळ आला की ती असा गळा काढायची की आख्खी चाळ बाहेर यायची आणि त्याला हातातली बादली दाखवत निघून जावं लागायचं.

त्या सकाळी ती पोल्ट्रीच्या बाजूने आली ती झिंगल्यासारखी. मागचे पाय एकमेकांत अडकत होते. तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या. माझ्याजवळ येऊन तिने ओकारी काढली, मग पुन्हा काढली, आणि तिथेच कुशीवर पडली. अंगभर कातडी थरथरत होती, पाण्यावर वारा फिरावा तशी. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

"पिसाळली! पिसाळली कुत्री!" कोणीतरी ओरडलं. बघते तर मालक. हातात बांबू. "बाजूला व्हा, वहिनी. चावंल तुमाला. आमी बघतो तिचं काय करायचं ते."

बांबू पाहून आणखी दोघं-तिघं काठ्या घेऊन आले. लाळ बघून माणसं घाबरली होती, त्यांची चूक नव्हती. पण आदल्या संध्याकाळी ती माझ्या हातची भाकरी खाऊन ताटलीभर पाणी प्यायली होती. सकाळी उठून मालकावर भुंकलीसुद्धा होती. एवढ्यात कोण पिसाळतं?

शेजारच्या खोलीतली बाई तिकडची, बनारसकडची. नवरा आमच्याच वसाहतीत वेल्डर. ती खाली वाकली, ओकारीकडे बघितलं आणि म्हणाली, "भाभी, ये तो कलेजी है. किसी ने कुछ खिलाया है इसको."

कोंबडीची कलेजी. तुकडे नीट ओळखू येत होते. श्रावण चालू होता. चाळीत एकाही चुलीवर मटण-मच्छी चढलेली नव्हती, सुक्या बोंबलाचा वाससुद्धा नव्हता. कोंबड्या कापल्या जायच्या त्या फक्त मालकाच्या पोल्ट्रीत, बोईसरच्या हॉटेलांसाठी. मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. त्याने नजर दुसरीकडे नेली, बांबू मात्र खाली ठेवला नाही.

"हात लावून तर बघा," मी म्हणाले. "आधी मला मारावं लागेल."

ओकारी मी पत्र्याच्या डब्यात भरली, का ते मलाही नीट माहीत नव्हतं, पण टाकून द्यायची नाही एवढं कळत होतं. कुत्रीला जुन्या चादरीत गुंडाळलं. नाक्यावर भाजी उतरवून पालघरला परत निघालेला टेम्पो होता, त्याच्या ड्रायव्हरच्या हातापाया पडले. बनारसवाली माझ्याबरोबर चढली. वाटेत मी बाटलीतून मिठाचं पाणी कुत्रीच्या तोंडात ओतायला लागले, तसं तिला ठसका लागला आणि श्वास घरघरायला लागला. मग मी घाबरून थांबले.

पालघरच्या गुरांच्या दवाखान्यात बाहेर म्हशी, बैल, एक शेळी, सगळे रांगेत होते. मला वाटलं, कुत्र्याला कोण विचारतंय. पण डॉक्टर दारात आले, चादरीत डोकावले आणि म्हशीवाल्याला म्हणाले, "तू थांब. तुझी म्हैस उभी आहे. ही पडली आहे."

टेबलावर घेतल्यावर त्यांचे प्रश्न सुरू झाले. कधीपासून? काय खाल्लं? झटके आले का? अंगावर काही सांडलं का? हात चालू, तोंड चालू. मी डबा पुढे केला. त्यांनी झाकण उघडून लांबूनच वास घेतला.

"हे पोल्ट्रीत गोचीड-पिसवांवर फवारतात ते औषध. भाजीवरही मारतात. तोंडात काही ओतलंत का?"

"मिठाचं पाणी."

"पुन्हा कधी ओतू नका. गिळता येत नसतं तेव्हा ते फुप्फुसात जातं. दूध नाही, तूप नाही, ताक नाही. उचलायचं आणि आणायचं, बस." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "आधीच सांगतो. इंजेक्शन देतोय. लाळ सुकली आणि बाहुल्या मोठ्या झाल्या तर ठीक. श्वास थांबला तर माझ्याकडे इथे काही नाही."

इंजेक्शन दिलं. थांबले, पापणी उघडून बघितलं, पुन्हा दिलं. सलाईन लावलं. आम्हा दोघींना साबण देऊन तिचं तोंड, छाती, पंजे धुवायला लावले, नंतर आमचेही हात कोपरापर्यंत धुवायला लावले. बनारसवाली पाय धरून होती, मी डोकं. बाहेर म्हैस हंबरत होती. मी मनात देवाचं नाव घेत नव्हते. मी मालकाचं नाव घेत होते. ही मेली तर तुझ्या पोल्ट्रीतलं तेच औषध तुझ्या कोंबड्यांच्या पाण्यात घालीन, एक कोंबडी शिल्लक ठेवणार नाही. हे मी इतक्या वेळा घोकलं की तोंडातून निघून गेलं. डॉक्टरांनी ऐकलं.

"कोंबड्यांनी काय केलंय?" ते म्हणाले, आणि पुन्हा पापणी उघडून बघायला लागले.

दुपारी लाळ थांबली. उन्हं उतरायला लागली तेव्हा तिने जीभ बाहेर काढून माझं मनगट चाटलं. बनारसवाली रडायला लागली. मला रडू आलं नाही. माझा राग तोवर थंड झाला होता आणि थंड राग गरम रागापेक्षा फार उपयोगी असतो हे मला त्या टेबलाशी कळलं.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं, न्हाणीचंसुद्धा. तो उठलाच. मी दारात आडवी आले. "तू हात उचलशील, तो पोलिसांत जाईल, तू आत बसशील. मला करू दे."

"काय करशील?"

"त्याच्या घरची पूजा येतेय," मी म्हणाले.

मालकाकडे दर श्रावणात सत्यनारायण असायचा. चाळीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं, वर त्याच्या भावकीतल्या, गावातल्या बायका. तोवर मी कुत्रीला इंजेक्शनं देऊन आणत होते, भाताची पेज भरवत होते, भिंतीचा आधार देऊन चालवत होते. मालक एकदा येऊन गोड आवाजात विचारून गेला, कशी हाय आता? मी म्हटलं, सुधारतेय. एवढंच.

पूजेच्या दिवशी मी लग्नातली साडी नेसले. कथा संपली, आरती झाली, मालक स्वतः धोतर नेसून प्रसादाचा शिरा वाटत होता. तेव्हा मी गेले. हातात दोरी, दोरीला कुत्री, मागचे पाय अजून लटपटत होते.

"कुत्रं कुठं आणता पूजेला?" तो म्हणाला. "सोवळं हाय इथं."

"सोवळं हाय ना? मग श्रावणात कलेजी कोणी कापली ते सांगा. विष लावून हिला कोणी घातली ते सांगा. आणि का घातली ते मी सांगते." मी त्याच्याकडे नाही, त्याच्या बायकोकडे आणि आईकडे बघून बोलत होते. "आम्ही न्हाणीत गेलो की हा तुमचा माणूस फटीतून बघतो. ही भुंकायची. म्हणून."

पळी हातात धरून तो हसायला लागला. "येडी झाली ही बाई."

मला वाटलं, आता मी एकटी पडले. आणि मग बनारसवाली पदर सावरून उभी राहिली. "मैंने भी देखा है. दो बार." तिच्यामागून कोपऱ्यातली, नुकतीच लग्न होऊन आलेली मुलगी हळूच म्हणाली, "मी पहाटेच आंघोळ करते. मालकांमुळेच." मग आणखी एक. मग आणखी. प्रत्येकीला वाटत होतं की तो फक्त आपल्याच वेळी येतो, आणि प्रत्येकीने ते गिळलं होतं.

मालकाची म्हातारी आई उठली. तिने मुलाच्या हातातलं शिऱ्याचं पातेलं काढून घेतलं. "तू आत जा," म्हणाली. "तुज्या हातचा परसाद कोण खानार नाय." तो गेला. इतका मोठा माणूस, धोतराचा सोगा सावरत, मान खाली घालून आतल्या खोलीत गेला. ते बघून मला जे बरं वाटलं त्याला मी दुसरं नाव देणार नाही. सूडच तो, आणि गोड होता.

न्हाणीला विटांच्या भिंती झाल्या. मालकाच्या बायकोने बांधून घेतल्या. आम्हाला मात्र दिवाळीनंतर खोली सोडायला सांगितली. बोईसरच्या दुसऱ्या टोकाला आम्ही खोली बघितली. कुत्री तिथे पुष्कळ जगली, पावसाळ्यात पाय ओढायची तेवढंच.

नव्वदनंतर आम्ही पालघरला राहायला आलो. मालक बाजारात अधूनमधून दिसायचा, म्हातारा झाला होता, काठी घेऊन चालायचा. मला बघितलं की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. लोक म्हणतील, आता सोडून द्यावं. मी सोडलं नाही. मीही पिशवी सावरून रस्ता ओलांडायचे आणि त्याच्या समोरून, अगदी जवळून, सावकाश चालत जायचे.