शिवलेली पानं

दुपारी भाचीने माझ्या कपाटातली जुनी कादंबरी काढली आणि वाचता वाचता शेवटाशी येऊन अडकली. ते शेवटचं प्रकरण मी काळ्या दोऱ्याने शिवून टाकलं आहे, ब्लाउजला हातशिलाई घालावी तसं. पोरगी नखाने टाका उचकटत बसली होती.

त्या कादंबरीतली बाई नवरा गेल्यावर दिराच्या घरी जात नाही. दोन खोल्या भाड्याने घेते, एकटी राहते आणि खिडकीत बसून मोठ्याने हसते. पुस्तकभर ती अशी ताठ, आणि शेवटी लेखक तिला साध्या तापाने मारून मोकळा होतो. एकट्या बाईचं सुख त्याला सोसलं नाही, दुसरं काय! मी चिडून सुईदोरा हातात घेतला.

पुढे माझाही नवरा गेला, माझ्यावरही तीच वेळ आली. धाकटे दीर रिक्षा घेऊन दाराशी आले. "वहिनी, चला. लोक काय म्हणतील?" मी तिच्याच ठसक्यात म्हणाले, "मी इथेच बरी आहे."

पुस्तकं वाचून माझं डोकं फिरलं, असं तेव्हापासून सगळे म्हणतात. फिरलंच आहे. बरं झालं फिरलं. त्या बाईला लिहिणारा तो लेखक असेल, पण इतकी वर्षं तिला सांभाळलं मी. मग तिच्या मरणाबद्दल मला कुणी विचारायचं की नाही?

"आत्या, कात्री दे गं. पुढे मरते का ती?"

मी कात्री पदराखाली घेतली.

"मरते कशाला? तुझ्यासमोर तर बसली आहे."