साठ टक्के माणसाचा कान

आमची पोस्ट डोंगराच्या सोंडेवर होती. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात सज्ज राहायचं, मग चहा, मग पेट्रोलिंग. बाजूलाच तोफा होत्या. दोन महिने त्या धडधडल्या आणि माझा डावा कान हळूहळू मिटत गेला. दुखलं-खुपलं काही नाही. आत लांबवर ओढा वाहतोय असा आवाज तेवढा राहिला, आणि खरं सांगतो, त्या आवाजात मला बरं वाटायचं. कुणाला सांगितलं नाही. मेडिकल कॅटेगरी उतरली की पलटण सोडून मागं स्टोअरला बसवतील, ही धास्ती. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकलो. स्वतःला मोठा शहाणा समजत होतो.

लान्स नाईक मारुती माझा जोडीदार. मी शिरूरचा, तो दौंड तालुक्यातला, कुरकुंभजवळच्या धनगराच्या घरचा. त्या सकाळी पाच चाळीसला आम्ही निघालो. मी पुढं, तो मागं. धुकं इतकं, की पाय जमिनीला टेकतायत का नाही तेही समजेना. वाटेत सुरुंगाची तार त्याला दिसली तेव्हा मागून, डाव्या अंगानं, त्यानं दबक्या आवाजात 'थांब' म्हटलं असणार. मला ओढाच ऐकू येत होता. मी आणखी दोन पावलं टाकली. खांद्यावर त्याचा हात पडला. मला मागं खेचताना त्याचा पाय वाटेबाहेर सुरुंगावर पडला आणि सगळं पांढरं झालं. शुद्धीवर आलो तर मदतीला आलेल्या तुकडीचा ऑपरेटर वायरलेस सेटवर बोलत होता. स्फोटानं दोन्ही कानांना दडे बसले होते, त्याचे ओठ मी वाचले.

"वन सीरियस. वन डेड. ओव्हर."

पुढं फौजेतून सोडताना होते ती तपासणी, रिलीज मेडिकल बोर्ड, झालं. उजवा पाय कायमचा अधू, अपंगत्व चाळीस टक्के. मग कानाची पाळी. उजवा कान झाकायला लावून डॉक्टर मागं उभे राहून कुजबुजत आकडे सांगत होते, पण समोर काचेचं कपाट होतं. काचेत त्यांचं तोंड हलत होतं, पाण्याखाली हलावं तसं. सवयच ती, मी सगळे आकडे बरोबर सांगितले. कान ठीक, असा शेरा घेऊन घरी आलो. असा गाढवपणा फौजीच करू जाणे.

दौंडला एक रिटायर्ड सुभेदार राहायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. माजी सैनिकांचे अर्ज ते भरून देत. त्यांनी डावीकडून दोनदा हाक मारली, मी वळलो नाही, तेवढ्यावरून ते काय ते समजले. पाय चाळीस आणि कान तीस धरला तर किती, असं त्यांनी विचारलं. मी सत्तर म्हणालो.

"न्हाई. शंभरातनं पायानं चाळीस नेलं. ऱ्हायला साठ टक्के माणूस. कान गेला तो या साठातला. साठाचं तीस टक्के, अठरा. चाळीस आन् अठरा, अठ्ठावन्न. पन्नाशी वलांडली की पेन्शनचा टप्पा बदलतो. अपील कर. पर कान कवा गेला, ते खरं लिही."

खिडकीबाहेर लांबवर मालगाडी चालली होती. डबे नुसते तरंगत गेल्यागत दिसत होते. खरं लिहायचं म्हणजे त्या सकाळी मी बहिरा होतो, हे लिहायचं. मारुती माझ्यामुळं गेला, हे लिहायचं. अर्ज तीन आठवडे खिशात घेऊन फिरलो. शेवटी ठरवलं, आधी त्याच्या बापाला सांगायचं.

मारुतीचे वडील, आप्पा, कांद्याला पाणी देत होते. बांधावर उभा राहून मी सगळं सांगितलं. कान, लपवणं, ती दोन पावलं.  आप्पांनी आधी वाफ्याला पाणी वळवलं. मग ते माझ्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले.

"आमास्नी ठावं हाय, किसना. त्यानं पत्रात लिवलं व्हतं. किसनाला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई, तो कुनाला सांगत न्हाई. म्हनून म्या त्याच्या मागंच चालतो, हात पुरंल एवढ्या अंतरावर. लई जवळ चालतो म्हनून सायबाच्या शिव्याबी खातो, म्हनला."

मी तिथंच चिखलात बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.  आप्पा खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी अर्ज भरला. कान कधी गेला, ते खरं लिहिलं. खाली विचारलं होतं, हे त्या वेळी कुणाला माहीत होतं. तिथं मी लिहिलं: लान्स नाईक मारुती. हयात नाही.