सुगंधाची शांतता

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तीस वर्षं प्रेस मशीन चालवून बसवंत पाटलांच्या कानात कायमची शिट्टी बसली होती. मशीनच्या धडधडीत ती बुडून जाई, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं. लॉकडाउनमध्ये मशीन थांबलं आणि घरात दिवसभर ती शिट्टीच उरली.

बायको सुगंधा गॅलरीत चहा पीत म्हणाली, "किती शांत वाटतंय हो!"

त्यांचा जळफळाट झाला. त्यांनी रिकामा मिक्सर लावला. ती धावत आली.

"ही शांतता तुला एकटीलाच का?" ते ओरडले आणि सगळं सांगून बसले.

तिने भांड्यात खोबरं घातलं. "आता रोजची चटणी तुम्हीच वाटा."

वाटताना शिट्टी बुडे. मिक्सर थांबला की मात्र त्यांना पुन्हा सुगंधाच्या शांततेचा हेवा वाटे.