बंदुकीची माशी

लग्न होऊन मी अनसिंगजवळच्या आमच्या गावात आले, तेव्हा सासरी दोन वस्तूंना हात लावायची मला बंदी होती. एक आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, लोणच्याची बरणी आणि दुसरी मामाजींची बंदूक. बंदूक वर्षभरात माझ्या हाती आली. बरणी मात्र आत्याबाई गेल्या तेव्हाच आली.

मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांच्याकडे पिकाच्या राखणीच्या परवान्याची एकनळी बंदूक होती. तेव्हा आमचा जिल्हा अकोला, वाशीम नुसता तालुका. रानडुकरं एका रात्रीत भुईमुगाचं वावर नांगरल्यासारखं करून टाकत. कुणाच्याही वावरात डुकरं शिरली की माणूस धावत आमच्या दारात यायचा. मामाजी पायात वहाणा सरकवायचे आणि निघायचे. त्या एका गोष्टीसाठी गावात त्यांना मान होता. शेत बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. जो काही रुबाब होता तो बंदुकीचा.

सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पदर डोक्यावरून पुढे ओढायचा आणि काही सांगायचंच झालं तर सासूला सांगायचं, सासू पुढे सांगणार. सासरा तीन हातांवर बसलेला असला, त्याला सगळं ऐकू येत असलं, तरी आत्याबाईंच्या तोंडून आल्याशिवाय ते त्यानं ऐकलेलं नसायचं. मी मॅट्रिक झालेली. मला ह्या प्रकाराचं आधी हसू यायचं, मग राग यायचा. नंतर सवय झाली, आणि तेच वाईट झालं.

विकतची काडतुसं महाग पडत, म्हणून मामाजी पितळी काडतुसं पुन्हा पुन्हा घरी भरत. मालक, म्हणजे माझा नवरा, मंगरूळपीरला एसटीत कंडक्टर होता. आठवड्यातून एकदा घरी यायचा. अकोल्याच्या परवानेवाल्या दुकानातून काडतुसाच्या टोप्या आणि बंदुकीची दारू आणून देणं एवढंच त्याचं काम. बाकी सगळं मामाजी दुपारी ओसरीवर बसून करत. जुनी टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची, दारू घालायची, वरून जुन्या घोंगडीचा गोल तुकडा दाबायचा, मग शिशाची गोळी आणि तोंडाला मेण.

मी दाराआडून पाहत राहायची. दारूचं माप म्हणजे एक जुनं पितळी झाकण. ते कधी शिगोशीग भरायचं, कधी काठापर्यंत, कधी त्याहून खाली. मग बांधावरच्या बाभळीला चुना लावलेलं जुनं सूप टांगून नेम धरायचा. एक गोळी वर, एक खाली, एक बाभळीत. मामाजी बंदुकीला शिव्या घालत, वाऱ्याला घालत, बाभळीलाही घालत. एके दिवशी मला राहवलं नाही.

"आत्याबाई, त्यायले सांगा, माप सारखं नाई पडून राह्यलं. म्हनून गोयी कुठीबी जाते."

आत्याबाई सरकी काढत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सूनबाई म्हनते, माप चुकून राह्यलं."

मामाजींनी हातातलं झाकण खाली ठेवलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. मग ते आत्याबाईंना म्हणाले,

"तिले म्हना, मंग तूच भर."

त्या दिवसापासून काडतुसं मी भरू लागले. मालकाकडून मी सोनाराचा जुना तराजू मागवून घेतला आणि वजनाला गुंजा घेतल्या. प्रत्येक काडतुसात तेवढीच दारू, एकाच जाडीची घोंगडी, तेवढाच दाब. चुलीपासून लांब, ओसरीच्या कोपऱ्यात, पाटावर फडकं अंथरून मी बसायची. मामाजी दुसऱ्या टोकाला पाठमोरे बसून नळीतून तेलाचं फडकं ओढत राहायचे. बोलणं शून्य. पण ती माझी सासरची सगळ्यात सुखाची दुपार असायची. ते काय म्हणाले नाहीत हे मला कळायचं, मी काय म्हणत नाही हे त्यांना कळत असावं. सख्ख्या बापाजवळ मी इतकी निवांत कधी बसले नाही.

मी एक शाळेची वही केली. कोणतं काडतूस, किती पावलांवरून, सुपावर कुठे लागलं, सगळं तीत लिहून ठेवायची. सुपाच्या मध्ये मी काजळाचा ठिपका काढून द्यायची. दोन महिन्यांत गोळ्या जवळजवळ पडू लागल्या. मग एक दिवस तीन गोळ्या एका पुरीत मावतील इतक्या जवळ बसल्या. मामाजी सूप घेऊन आत आले, काही न बोलता ते चुलीजवळच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि बाहेर गेले. आत्याबाई म्हणाल्या, "बुढा खूश झाला." तेवढं मलाही दिसत होतं.

दोन हंगाम असेच गेले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर वहीत मला वेगळंच दिसू लागलं. गोळ्या अजूनही एकमेकींना चिकटून बसत होत्या, पण ठिपक्यावर नाही. तिन्हीच्या तिन्ही डावीकडे. आधी बोटभर, मग दोन बोटं, दिवाळीपर्यंत पाच बोटं. माझ्या भरण्यात खोट असती तर त्या विखुरल्या असत्या. बंदूकही तीच होती. मी दाराआडून नीट पाहिलं. मामाजी पूर्वी डावा डोळा मिटून नेम धरायचे. आता उजवा मिटत होते आणि मान वाकडी करून डाव्या डोळ्यानं नळीवरून पाहत होते. चेहरा उजेडाकडे वळला तेव्हा उजव्या बुबुळात दुधासारखं काहीतरी दिसलं. डावाही तितकासा स्वच्छ नव्हता.

संध्याकाळी भाकरी थापताना मी आत्याबाईंना म्हटलं, "त्यायले दिसत नाई हो बरोबर. डोयात मोतीबिंदू हाय. त्यायले सांगा, बंदूक आता ठेवून द्या. डागदरले दाखवा."

आत्याबाईंनी माझा कोणताही निरोप कधी अडवला नव्हता. कापला होता, छाटला होता, पण पोचवला होता. त्या दिवशी त्या चुलीत लाकूड सारत म्हणाल्या,

"हे म्या नाई सांगत."

"काहून?"

"त्याच्यापाशी दुसरं काय हाय, सांग बरं? डोये गेले म्हनलं तं लोक दारात येतीन का? तू चूप राय. पोरगा आला म्हंजे तो सांगन."

पोरगा आला. त्याला सांगितलं. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बाबाले? मी?" दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेला.

आता उरले मी. मी सरळ ओसरीवर जाऊन म्हणू शकले असते. जीभ होती, अक्कल होती, मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं. पण पदर पुढे ओढला की शब्द पदराच्या आतच राहायचे. आणि खरं सांगायचं तर मलाही तो भिंतीला टेकवलेल्या सुपाचा दिवस परत हवा होता. ते रोज वाकड्या तोंडानं घरी येत होते, ते मला पाहवत नव्हतं.

नळीच्या टोकावर एक बारीक पितळी मणी असतो, त्याला माशी म्हणतात. नेम धरताना ती सावजावर आणायची. आमच्या बंदुकीची मूळची माशी कधीकाळी पडली होती आणि गावच्या लोहारानं नवी एका आडव्या खाचेत ठोकून बसवली होती. एका दुपारी मामाजी वावरात गेले होते. मी बंदूक उतरवली, ती रिकामी आहे हे दोनदा पाहिलं, माशीवर चिंधी ठेवली आणि खलबत्त्याच्या बत्त्यानं हलकेच दोन टोले दिले. माशी ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढी डावीकडे सरकली. गोळ्या डावीकडे जात होत्या, म्हणून माशीही डावीकडे. हा हिशेब मी वहीत आकृती काढून केला होता. हिशेब बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही काजळाच्या ठिपक्यात. ते सूप घेऊन ओसरीवर आले. मग आत्याबाईंना म्हणाले, "तिले म्हना, बंदूक सुदरली."

मी आत तोंडावर पदर घेऊन हसत होते. लाज वाटते सांगायला, पण मी फार खूश होते.

कार्तिकात ज्वारी निसवली होती. आमच्या वावरात डुकरं शिरली म्हणून मामाजी पहाटेच गेले. उजाडायला लागलं होतं, धुकं होतं. घरी मला एकच बार ऐकू आला. एका गोळीत काम झालं, असं म्हणून मी चहाचं आधण ठेवलं.

ते परत आले तेव्हा बंदूक त्यांच्या खांद्यावर नव्हती, बगलेत धरलेली होती. ओसरीवर बसले. आत्याबाईंनी विचारलं, काय पडलं. मागून शेजारचा गडी आला, त्यानं सांगितलं. आमच्या जोडीतला काळा बैल दावं सोडवून ज्वारीत शिरला होता. मामाजींना ज्वारीच्या ताटांमधून काळी पाठ हलताना दिसली. गोळी थेट काळजात बसली होती. बैल जागीच बसला होता, ओरडलाही नाही.

त्या बैलाची आई त्याला जन्म देऊन मेली होती. मामाजींनी त्याला चिंधीनं दूध पाजून वाढवलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा तो घरात पोरासारखा हिंडायचा. ओसरीवर तोंड घालून माझ्या ताटातली भाकर ओढायचा आणि मामाजी त्याला रागवायचं सोडून माझ्यासाठी दुसरी भाकर आणायला आत्याबाईंना सांगायचे.

दुपारपर्यंत मामाजी तसेच बसून होते. मग कुणाला उद्देशून नाही, असंच म्हणाले, "नेम बरोबर बसला."

माशी जुन्या जागी असती तर गोळी पाच बोटं डावीकडे गेली असती. बैल जखमी झाला असता कदाचित, कदाचित नुसता बिथरून पळाला असता. नेम चुकत होता हीच त्याची राखण होती, आणि ती मी गुंजेच्या मापानं, वहीत आकृती काढून, काढून घेतली.

बैलाला वावराच्या कडेला पुरलं. आठवड्यानं मामाजींनी बंदूक वाशीमच्या ठाण्यात नेऊन जमा केली. लोक दारात यायचे थांबले. पुढच्या पोळ्याला उरलेल्या बैलाची शिंगं मीच रंगवली, मामाजी बाहेर आले नाहीत. तालुक्याला डोळ्यांचं शिबिर आलं तेव्हा मालकानं हातापाया पडून विनवलं. मामाजींनी आत्याबाईंकडून निरोप दिला, "त्याले म्हना, पाहाचं होतं थे पाहून झालं." आता मुलाशीही ते निरोपानंच बोलत होते.

मी आत्याबाईंना माशीचं सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

आणीबाणी उठली त्या साली आत्याबाई गेल्या. घरात मी आणि मामाजी, आणि आमच्या मधे कुणी नाही. मामाजींना तोवर उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मी ताट ठेवून भांडं वाजवायची म्हणजे त्यांना कळायचं. ते भिंतीला म्हणायचे, "पानी पाह्यजे होतं." भिंत काही आणत नसे, मी आणायची. असे आठ-दहा महिने गेले.

एका वैशाखाच्या दुपारी मी ओसरीवर तूर पाखडत होते. सुपाचा आवाज ऐकून ते भिंतीला नाही, मला म्हणाले.

"सूनबाई, माशी तू सरकवली होती ना?"

माझ्या हातातलं सूप खाली आलं.

"हो," मी म्हटलं. मी त्यांच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

"ठान्यात देन्याच्या आंदी हात फिरवला मी तिच्यावर. खाचेत नवी चकाकी लागली बोटाले. मले दिसत नवतं, बाई. सालभर दिसत नवतं. मले वाटे, आता बंद करावं. मंग तीनबी गोया ठिपक्यात बसल्या. मी म्हनलं, माहा डोयाच खोटं बोलून राह्यला, बंदूक खरी हाय. मी बंदुकीचं ऐकलं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"एक डाव सांगाचं होतं," ते म्हणाले. "मी आयकलं असतं तुह्यं. मापाचं नाई का आयकलं?"

मी रडत होते आणि आवाज होऊ देत नव्हते. ते माझ्याकडे तोंड करून बसले होते, पण मी तिथे नव्हते. त्यांचा चेहरा माझ्यापासून हातभर त्यांच्या डावीकडे, तुरीच्या पोत्याकडे वळलेला होता आणि ते पोत्याला विचारत होते. मी तिकडे सरकायला उठलेही. आपलं तोंड भलतीकडे आहे हे त्यांना कळू नये म्हणून हळूच, पाय न वाजवता.

मग मी परत खाली बसले.

"मामाजी," मी म्हटलं, "मी तिकडे नाई. इकडे आहो. तुमच्या उजव्या हाताले."

त्यांनी मान वळवली. थोडी जास्तच वळली, मग परत आली आणि माझ्यावर थांबली.