गळाची तार

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. घरात विचारणारं कोणी होतं तोवर सांगितलं नाही. आता विचारणारं कोणी उरलेलं नाही.

साठच्या दशकात मालवणजवळच्या आमच्या गावात वीज आली. वहिनीच्या मुंबईच्या भावाने तिला विजेची शेगडी पाठवली. चुलीच्या धुराने तिचे डोळे सारखे लाल असत. पण आमच्या घरातल्या तारा दोन दिव्यांपुरत्याच होत्या. शेगडी लावली की फ्यूज उडायचा आणि आई अंधारात बडबडत बसायची.

"परत फ्यूज गेलो तर ही शेगडी दर्यात टाकतलंय!" दादा एकदा ओरडला.

तो होडीवर गेल्यावर वहिनी हळूच म्हणाली, "भावजी, कायतरी करा. धुरान माझे डोळे जातले."

फ्यूजची तार गावात मिळत नसे. मी मोरीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, गळाची तार घेतली. मोरीच्या दातांनी दोरी तुटू नये म्हणून गळाला बांधतात ती, जाड आणि चिवट. तीच फ्यूजमध्ये गुंडाळली. फ्यूज उडायचा थांबला. वहिनीने त्या दिवशी मला पहिला घावणा वाढला.

फ्यूजची तार बारीक असते ती वितळण्यासाठीच. वीज जास्त खेचली गेली की ती आधी तुटते, म्हणून बाकीच्या तारा वाचतात, हे मला फार उशिरा कळलं. आमची तार तुटली नाही. तापल्या त्या भिंतीवरच्या तारा.

नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती. वहिनी शेगडीवर पेज शिजवत होती. तारांवरचं रबर वितळलं, लाकडी पट्टी पेटली आणि आग माळ्यावरच्या जाळ्यांपर्यंत पोचली. शेजाऱ्यांनी विहिरीचं पाणी ओतून घर वाचवलं. जाळी गेली. ऐन हंगामात दादाला दुसऱ्याच्या होडीवर मजुरीला जावं लागलं.

"माहेरसून आग घेवन इली!" आई अंगणात बसून सगळ्यांना सांगत होती.

मी त्या गडबडीत फ्यूज उपसला, गळाची तार काढून खाडीत फेकली आणि गप्प राहिलो. दादाने वहिनीला खारेपाटणला माहेरी पोचवलं, ते परत आणलंच नाही.

पुढे आई गेली, दादा गेला. मी लग्न केलं नाही. संध्याकाळी एकच दिवा लावतो.

दादाच्या बाराव्यानंतर मी एकदा खारेपाटणला गेलो. वहिनी चुलीवरच चहा करत होती. डोळे पुसत तिने विचारलं, "घरात उजेड बरो आसा मां, भावजी?"

मी "होय" म्हटलं. चहा प्यालो आणि उठलो. वर्षभरात ती गेल्याचं कळलं.

त्या दिवशी खारेपाटणहून परत येताना एसटीत, शेजारची जागा रिकामी असताना, पाठ केलेलं ते वाक्य मी खिडकीकडे तोंड करून म्हटलं होतं: "वैनी, तुमची शेगडी बरी होती. फ्यूजात ती तार मी घातलंय. माका माफ करा."